चिंचेखालची जागा

बोरजाईवाडी,
७ मार्च

चि. फारूक यास मोहिद्दीन मामूची दुवा.

काल फोनवर तू बराच वेळ बोललास. मी 'हां, हां' करत गेलो. तो माझा होकार आहे असं तुला वाटलं की काय, अशी शंका नंतर आली, म्हणून लिहितो. फोनवर जो भरभर बोलतो तो जिंकतो आणि मला भरभर बोलता येत नाही. कागदावर दोघांना सारखी जागा मिळते. तूही कागदावरच उत्तर दे.

तुझी मामी गेल्यापासून मी एकटा आहे, हे खरं. गावात आपली, मुलाण्यांची, दोन घरं होती, त्यातलं एक सांगलीला गेलं आणि आता मीच उरलो, हेही खरं. मलकापुरात तुझ्या दाराला लागून एक खोली रिकामी झाली आहे, मशीद जवळ आहे, तुझ्या अम्मीच्या, माझ्या अख्तर आपाच्या, हातचं जेवण मिळेल, हे सगळं मी ऐकलं. तुझ्या मनात माया आहे, ती मला कळते. पण तू शेवटी म्हणालास, "मामू, आता आपल्या माणसांत या." ते वाक्य डोक्यातनं जात नाही. इफ्तारला पहिला खजूर खातानाही तेच आठवलं. आपली माणसं म्हणजे कोण, ते तू मला नीट लिहून कळव.

ऊस तुटून गेलाय, पुन्हा फुटायला खोडवा राखलाय. रविवारी मटणाचं दुकान उघडतो. तब्येत बरी आहे.

तुझा मामू


मलकापूर,
१३ मार्च

आदरणीय मामूजान यांना फारूकचा सलाम.

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहितोय. रुक्सार हसत होती. म्हणाली, "अब्बा, पोस्टाची पेटी कुठं असते ते तरी ठाऊक आहे का?" तरी तुमचा हुकूम म्हणून लिहितो.

राग मानू नका, स्पष्ट लिहितोय. बोरजाईवाडीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात मी अजून आहे. कुणीतरी कधीकाळी घातलंय आणि काढायचं विसरलेत. त्यात तिथली पोरं काय काय पाठवतात ते मी रोज बघतो. तुम्ही साधा फोन वापरता, म्हणून तुम्हाला गाव अजून गोड लागतं. समोर 'चाचा, चाचा' म्हणणाऱ्यांचीच बोटं रात्री काय टाइप करतात ते तुम्ही वाचलेलं नाही. मी वाचलंय. मला झोप येत नाही.

दुसरी गोष्ट जत्रेची. बोरजाई देवीला गावानं बोललेली नवसाची बकरी आपल्या घरानं कापायची, ही मुलाणकी आजोबांच्या काळात ठीक होती. तेव्हा पोटाचा प्रश्न होता. आता तुम्हाला काय गरज? आमच्या मशिदीतले जाणते लोकही म्हणतात, दुसऱ्यांच्या देवाच्या नवसात आपला हात नसावा. म्हणजे इकडून बघितलं तरी बरोबर नाही आणि तिकडं तर आता तुम्ही नकोसेच आहात. मग दोन्हीकडून मार खात मधे कशाला उभं राहायचं?

आपली माणसं म्हणजे कोण, विचारलंत. ज्यांच्यात दार उघडं ठेवून झोपता येतं ती. खोली धरून ठेवलीय. जत्रेच्या आत या.

फारूक


बोरजाईवाडी,
२० मार्च

चि. फारूक यास दुवा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू घाबरून लिहिलेलं नाहीस, काळजीनं लिहिलंयस. म्हणून मीही न चिडता लिहितो. चिडलोच तर पुढच्या ओळी तिरक्या जातील, त्यावरून ओळख.

दार उघडं ठेवून झोपायचं म्हणतोस, तर माझ्या दाराला आतून कडीच नाही. कडी मोडून सात-आठ वर्षं झाली.

आता मुलाणकी. सुरी चालवताना मी बिस्मिल्ला म्हणतो. अब्बा म्हणत होते, त्यांचे अब्बाही म्हणत होते. बकरं कुणी कुणाला बोललं, ते त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मधलं. मी कुणाचं नाव घेतो, ते माझ्या आणि अल्लाच्या मधलं. त्या मटणातलं आपल्या घरानं कधी खाल्लं नाही. गावानंही 'खा' असा कधी आग्रह केला नाही, पीठ-डाळ-गुळाचा शिधा दिला. इतक्या पिढ्या दोघांनी एकमेकांचं एवढं राखलं. तुझ्या जाणत्या लोकांना सांग, हेही जाणण्यासारखं आहे. आणि गावातली म्हातारी माणसं मुलाण्याच्या हातचं नसेल तर नवसाच्या मटणाला शिवत नाहीत. ते माझ्या हातात काही जादू आहे म्हणून नाही. मुलाणी हजर आहे म्हणजे गाव पुरं आहे, असा त्यांचा हिशोब आहे.

तुला एक सांगतो. मी सहावीत असताना शेजारच्या लालासाहेबाची आई मनुबाई हिच्या रानात पाणी पाजायला जायचो. एकदा पाण्याची पाळी संपली तरी मी पाट मोडून पाणी खाली सोडलं नाही, म्हटलं अजून दोन सऱ्या भिजतील. तिनं माझा कान धरून खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर नेलं आणि त्याच्यासमोर पाट मोडायला लावला. घरी येऊन रडलो तर अब्बांनी दुसरा कान धरला. हराम काय, हे मला किताबातनं नंतर कळलं, पहिल्यांदा त्या बांधावर कळलं. माझ्यात जे काही बरं आहे ते असं या गावानं कान धरून घातलेलं आहे. वाईट आहे तेही इथलंच. हा हट्ट तर शंभर टक्के कृष्णाकाठचा आहे. मग मलकापुरात जो येईल तो कोण असेल? मोहिद्दीनची नुसती अंगरखा-टोपी येईल.

पोरं रात्री टाइप करतात म्हणतोस. करू देत. दिवसा ती माझ्यासमोरून जातात ना?

पाडवा दहा दिवसांवर आला. त्या दिवशी देवळातनं आपल्या घरी मानाचा नारळ येतो, तू लहानपणी पाहिलायस. तो आला की मुलाण्यानं जत्रेला यायचं, एवढंच बोलावणं. नारळ ठेवून घेतला की तुला कळवीन, म्हणजे तुझीही काळजी मिटेल. यंदा दुसऱ्याच दिवशी ईद येईलसं दिसतंय. दोन्हीकडचं गोड एकदमच खायला मिळेल.

मामू


बोरजाईवाडी,
२ एप्रिल

चि. फारूक यास दुवा.

ईद झाली. नमाजाला कुंडलला जाऊन आलो. शिरखुर्मा केला होता, जास्त झाला.

पाडवा झाला.

तू म्हणतोस ती खोली केवढी आहे? खिडकी कुठल्या बाजूला आहे? शेवग्याचं एखादं झाड लावण्यापुरती जागा आहे का?

आपाला सलाम सांग.

मामू


मलकापूर,
४ एप्रिल

मामूजान, सलाम.

तुमचं पत्र वाचून एवढा आनंद झाला की मी दुकानातनंच घरी पळत आलो. खोली दहा बाय बारा आहे, खिडकी पूर्वेला आहे. झाड कुंडीत लावू, मोठ्या कुंडीत. रुक्सारनं भिंतीला रंग कुठला द्यायचा ते ठरवलंसुद्धा.

मला ठाऊक होतं, तुम्ही नीट विचार केलात की पटेल. बारा तारखेला शनिवारी पालखी आणि तेराला बकऱ्यांचा दिवस. त्याआधीच निघा, म्हणजे तो विषयच नको. गुरुवारी टेम्पो पाठवतो. सामान बांधून ठेवा, जड उचलू नका.

अम्मी मात्र काही बोलत नाही. पत्र वाचून दाखवलं तर उठून आत गेली. तिला आनंद बोलून दाखवता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

फारूक


मलकापूर,
६ एप्रिल

मोहिद्दीन, आपाची दुवा.

रुक्सारकडनं लिवून घेतीय. तिला सांगितलंय, मी बोलंन तसंच लिव, सुधरवू नगं. आनि तुज्या बापाला सांगू नगं.

तुजं पत्र फारूकनं वाचून दावलं. तो नाचला. मला रडू आलं. पाडवा झाला एवढंच लिवलंस. ज्या मानसानं आधीच्या पत्रात नारळाचं एवढं लिवलं, त्यानं पाडवा एका ओळीत उरकला म्हंजी नारळ आला न्हाई. व्हय का न्हाई? मी तुला कडंवर घेऊन वाढवलाय, मला नगं शिकवू.

आता ऐक. डोकं थंड ठेव. रोज्यांच्या पयल्याच हप्त्यात फारूकनं लालासाहेबाला फोन केलता. मी चुलीपाशी हुते, ऐकलं. म्हनला, "मामू आता मलकापूरलाच येणारेत, यंदापासनं मुलाणकी सोडली, तुम्ही दुसरा मानूस बघा." मी म्हनलं, त्याला इचारलंस का? तर म्हनतो, "अम्मी, मामू हां म्हनालेत." मला वाटलं, तुमचं ठरलंच आसंल.

म्हंजी गावानं तुला काढलं न्हाई. तूच सोडलंस आसं गावाला वाटतंय. आनि तू तिकडं तोंड बांधून पेट्या भरतोयस. तुमा बापय मानसांना इचारायला काय पैसं पडत्यात का रं?

खोलीला पूर्वेची खिडकी हाय हे खरं. पन खिडकीतनं म्होरच्या घराची भिंत दिसती. मी सोळा वर्सं ती भिंत बघतीय. मला हितं समदं हाय. पोरगा गुनाचा हाय. पन वाटंनं चालले तर अख्तरबी म्हनून हाक मारनारं कोन न्हाई, फारूकची अम्मी म्हनत्यात. तुला यायचं आसंल तर आपल्या मनानं ये. कुनीतरी नारळ दिला न्हाई म्हनून येऊ नगं.

आपा


बोरजाईवाडी,
९ एप्रिल

फारूक,

गुरुवारचा टेम्पो पाठवू नकोस, असं सकाळी फोनवर सांगितलं, त्याचं कारण लिहितो.

तुझ्या फोनचं मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. मार्चमध्ये मी 'हां, हां' म्हणालो होतो, तेव्हा निम्मी चूक माझीही धर. पण माझ्या वतीनं माझी मुलाणकी सोडायला तू कोण? ती काय दुकानाची पाटी आहे, उतरवून ठेवायला? एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर ओळी तिरक्या होतील.

आता काल काय झालं ते ऐक.

नारळ आला नाही की मुलाण्यानं विचारायला जायचं नाही, ही रीत. बापजाद्यांची. काल मी ती मोडली. जत्रा कमिटीची बैठक देवळात चालू होती. लालासाहेब मिलिटरीतनं सुभेदार होऊन परत आल्यापासून तोच कमिटीचा अध्यक्ष. मी पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "लालासाहेब, मुलाणी जिवंत हाय आनि गावातच हाय."

तो म्हणाला, "तुज्या भाच्याचा फोन आलता गड्या. तू चाललास म्हनं."

"मग मला इचारायचं न्हाईस? माझं घर काय कोयनानगरला हाय व्हय? तुज्या गोठ्याच्या मागं तर हाय!"

"जानाऱ्याला कसं इचारावं रं? म्हनलं, तुला वाईट वाटंल."

"आनि मला वाटलं, तुमीच काढलं."

यावर हशा झाला. म्हातारी धोंडुबाई देवळात वाती करत बसली होती. ती म्हणाली, "दोगं मिळून पाच बायकांएवढं लाजत्यात! आवं, गोठ्यावरनं नुसती हाक मारायची हुती."

मला वाटलं, संपलं. मी पायरी चढलोसुद्धा. तेवढ्यात दिग्विजय बोलला. तो कमिटीत नवा आहे, तिशीतला, ट्रॅक्टर चालवतो. पोरगा उर्मट नाही, खाली बघून बोलला. "चाचा, पन आता बाहेरनं मानूस ठरवलाय. सुपारी दिलीय त्याला. आनि खरं सांगू का? आपल्या देवीचं आपल्याच मानसानं केल्यालं बरं. आता सगळीकडं तसंच हाय."

फारूक, तू ग्रुपात वाचलंस ते मी काल तोंडासमोर ऐकलं. म्हणजे तुझं अगदीच खोटं नव्हतं, हे मी मान्य करतो. तुझ्या फोननं काही नवं केलं नाही. आत होतं त्याला नुसती वाट करून दिली.

मी त्याला म्हटलं, "दिग्विजय, तुज्या जावळाचं बकरं मी कापलंय. मग मी कुनाचा मानूस रं?"

  मी लालासाहेबाकडं बघितलं. सीमेवर बंदूक धरलेला माणूस, पण तो सतरंजीची दशी ओढत बसला होता. शेवटी म्हणाला, "भांडान नगं. दोगंबी या. ज्याला ज्याच्याकडं न्यायचंय त्यानं तिकडं न्यावं."

मला ते चिडून बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण मी 'बरं' म्हणून उतरलो. रविवारी मी देवळामागच्या चिंचेखाली जाऊन बसणार. नारळ नाही, बोलावणं नाही. बकरी कापायची आपली जागा आहे ती.

मामू


मलकापूर,
११ एप्रिल

मामूजान,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, कुंडलच्या एसटीत वाहकाकडे देतोय. माझ्या फोनचं काय बोलायचं ते तुम्ही समोर बोला, मारलंत तरी चालेल. पण रविवारी जाऊ नका. कुणी काही बोलेल, कुणी मोबाइल काढून चित्रण करेल, तुमच्या हातात सुरी असेल. उद्या ते चित्र कुठं कुठं फिरेल आणि त्याखाली काय लिहिलेलं असेल, याचा विचार करा. आणि समजा, कुणीच तुमच्याकडे आलं नाही तर? भर जत्रेत एकटे बसून राहाल?

मामू, मी हात जोडतो. घरी बसा, आजारी आहे म्हणून सांगा. त्यात काय बिघडतं?

फारूक


बोरजाईवाडी,
२१ एप्रिल

चि. फारूक यास दुवा.

उत्तराला उशीर झाला. तू रोज फोन करत होतास, मी 'पत्रात लिहितो' म्हणत होतो. आता सगळं लिहितो.

जत्रेच्या रविवारी पहाटेची फजर पढलो, सुरीला धार लावली, धुतलेला सदरा घातला आणि चिंचेखाली जाऊन बसलो. तुझं शेवटचं वाक्य बरोबर घेऊन गेलो होतो. कुणीच आलं नाही तर? ठरवलं, नाही आलं तर दिवस मावळेपर्यंत बसायचं आणि मग घरी यायचं. निदान मला चुकून नव्हे, बघून टाकलं, एवढं तरी गावाला कळेल. तोंड फिरवायचं तर माझ्यासमोर फिरवावं लागेल. घरी बसून मी त्यांचं काम सोपं करणार नव्हतो.

बाहेरचा माणूस चिंचेजवळच्या ओढ्याच्या पलीकडं बसला होता. तरणा होता, बिचारा. त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मला तंबाखू विचारली. मी म्हटलं, खात नाही.

पहिलं बकरं मानाचं, ते लालासाहेबाच्या घरचं. तो ते घेऊन आला. ओढ्यापाशी थांबला. माझ्याकडं बघितलं, मागं उभ्या असलेल्या पोरांकडं बघितलं. दोन-तिघांचे मोबाइल वर होतेच, तू म्हणालास तसे. आणि तो ओढा ओलांडून पलीकडं गेला.

खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला उठून निघून जावंसं वाटलं. तुझी खोली डोळ्यांसमोर आली. पूर्वेच्या खिडकीसकट. पण पाय बधिर झाले होते म्हण किंवा हट्ट म्हण, मी बसून राहिलो.

मग धोंडुबाई आली. बकरं ओढत, वाटेत भेटेल त्याला शिव्या देत. एका मोबाइलवाल्याला म्हणाली, "माजं तोंड नीट घे रं, मुंबईच्या नातवाला दाव!" माझ्यासमोर दोर टाकला आणि म्हणाली, "माज्या नवसाचं जनावर वळखीच्या हातानंच जाईल. उट, मुलान्या, ऊन व्हाया लागलंय." मी बिस्मिल्ला म्हटलं.

तिच्यामागनं बाकीचे आले. सगळे नाहीत. तुला वाटेल मामू आता गोड करून सांगेल, तर तसं नाही. गाव अर्धं झालं. काही इकडं, काही तिकडं. एकाच घरातला थोरला भाऊ माझ्याकडं आला आणि धाकटा पलीकडं गेला, दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. जत्रेत असं कधी झालं नव्हतं. दुपारी ओढ्याच्या दोन्ही काठांवर चुलींचा धूर होता आणि मधे कुणी नव्हतं.

शिधा मिळाला. निम्म्या गावाचा.

संध्याकाळी भाकरी थापत होतो तर दारात लालासाहेब. आत ये म्हटलं नाही, तरी आला आणि चुलीपाशी बसला. जाळ पुढं सारला. मग म्हणाला, "आईनं मटनाला हात लावला न्हाई. म्हनली, मुलान्याच्या हातचं न्हाई ते देवीला पोचलंच न्हाई. ती उपाशी झोपली. तिच्यापुढं कोन जेवनार? समदं घर उपाशी हाय."

"तूबी?"

"व्हय."

मी त्याच्यापुढं भाकरी आणि खर्डा ठेवला. तो खाली मान घालून खात होता. मधेच म्हणाला, "भ्यालो गड्या. शत्रूला कवा भ्यालो न्हाई, घरच्या पोरांना भ्यालो."

त्याला 'असू दे' म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. दुसरी भाकरी वाढली तेवढी. तो उठताना म्हणाला, "म्होरल्या साली मी सोता नारळ घेऊन येतो." मी म्हटलं, "आन नायतर नगं आनू. मी येनार. तू मरंस्तवर अध्यक्ष राहिलास तरी येनार, आनि दिग्विजय झाला तरी येनार."

फारूक, तुला वाटेल अर्धं गाव उरलं, तर आता तरी मामूनं यावं. माझं गणित वेगळं आहे. जे पलीकडं गेले ते पलीकडं गेले म्हणून माझे नाहीत, असं मी मानायचं ठरवलं तर दिग्विजयचंच खरं झालं. आपली माणसं कोण, हे मग त्यानं ठरवलं. तूही तेच ठरवत होतास, फक्त दुसऱ्या बाजूनं. मी तो हक्क दोघांनाही देत नाही. मला टाकायचं असेल तर त्यांनी टाकावं, मी कुणाला टाकणार नाही. बाकी रोज पाच वेळा ज्याच्यापुढं मान लववतो, त्याच्याशी माझं काय ते मी बघून घेईन. खोली दुसऱ्या कुणाला दे. आपाला मात्र चार दिवस इकडं पाठव, तिला नावानं हाक मारणाऱ्या बायका अजून आहेत.

काल रविवार, दुकान उघडलं. गिऱ्हाईक कमी होतं. जे पलीकडं गेले होते ते रस्त्याच्या कडेनं, मान खाली घालून जातात. तर मी काय करतो, प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारतो. "जयराज, पोरीचा ताप उतरला का?" "शंभूराज, मोटर दुरुस्त झाली का?" माणसाला नावानं हाक मारली की त्याला थांबावं लागतं. कुणी पुटपुटतो, कुणी हात वर करतो आणि सटकतो.

दुपारी दिग्विजय ट्रॅक्टर घेऊन गेला. मी हाक मारली. त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. संध्याकाळी परत आला, परत मारली. ट्रॅक्टर पुढं गेला, वळणावर थांबला. तो उतरून चालत दुकानासमोर आला आणि चिडून म्हणाला, "काय काम हाय चाचा? सारखं का हाका मारताय?"

म्हटलं, "काम काय न्हाई. मटन घे नायतर नगं घेऊ. पन हाकंला ओ द्यायची. तुज्या बापानं दिलीय, आज्यानं दिलीय. मी उद्याबी मारनार हाय."

तो उभा राहिला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. मग परत जाऊन ट्रॅक्टरवर बसला.

आज सकाळी हाक मारली. ट्रॅक्टर थांबवला नाही, मान वळवली नाही. पण ओ दिली.

मामू